आधी फिल्म, मग हात: फिजिओथेरपी शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम ठरवणारे, पेपर सेट करणारे, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) म्हणून गावोगाव जाणारे आणि कॉलेजात कार्डिओ-रेस्पिरेटरी शिकवणारे, तुम्हा सगळ्यांना एकत्रच लिहितेय. वेगवेगळं लिहिलं असतं तर प्रत्येकाने 'हे त्यांचं काम' म्हणून पुढच्याकडे बोट दाखवलं असतं, म्हणून.

मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला एका इंटर्नचा मेसेज आला. एक्स-रेचा फोटो आणि खाली, 'मॅम डेक्स्ट्रोकार्डिया आहे, पोझिशनिंग कसं करू?' म्हणजे एका आजींचं हृदय डावीकडे नसून उजवीकडे आहे म्हणे. मी जेवत होते, डाव्या हाताने फोटो मोठा करून बघितला. खिडकीच्या काचेला लावलेली फिल्म, त्यात ट्यूबलाईटची रेघ, एका कोपऱ्यात पोरीचा अंगठा, आणि दुसऱ्या कोपऱ्यात मार्करचं ते 'आर' अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. फिल्म उलटी लावली होती हो. आजींचं हृदय बहात्तर वर्षं जिथे होतं तिथेच होतं.

हसले मी, खोटं कशाला बोलू. पण मग हसू ओसरलं, कारण ही मुलगी काही मठ्ठ नाही, वर्गात पहिल्या तिघांत असायची. तिला डेक्स्ट्रोकार्डिया माहितीये, त्याच्याशी जोडलेल्या कार्टाजेनर सिंड्रोम या जन्मजात आजाराचे तिन्ही मुद्दे तिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. फक्त साडेचार वर्षांत एकाही माणसाने तिच्या हातात खरी फिल्म देऊन 'आधी सरळ कुठून आणि उलटी कुठून ते सांग' असं म्हटलेलं नाही. यात चूक तिची किती आणि आपली किती, हाच माझ्या पत्राचा विषय आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी हॉस्पिटलमध्ये फिजिओ आहे, बारा वर्षं झाली, त्यातली बहुतेक आयसीयू आणि चेस्ट वॉर्डात गेली. दोन-तीन कॉलेजांची मुलं आमच्याकडे पोस्टिंगला येतात. संशोधन वगैरे माझ्या नावावर काही नाही, जे रोज डोळ्यासमोर दिसतं तेवढंच सांगतेय.

आधी माझंच सांगते, म्हणजे 'आजकालची पोरं' टाइप पत्र आहे असं वाटणार नाही.

मी इंटर्न असताना एमआयसीयूत पोस्टिंग होती. एक बाई, पन्नाशीच्या, पोटाचं ऑपरेशन होऊन व्हेंटिलेटरवर. सकाळी रेसिडेंटने फाईलवर लिहिलं 'लेफ्ट लंग कोलॅप्स, चेस्ट पीटी' (डावं फुप्फुस बसलंय, छातीची फिजिओथेरपी द्या) आणि तो राऊंडला पळाला. मी लागले कामाला. डावी बाजू वर घेतली, पर्कशन (छातीवर थापट्या), व्हायब्रेशन, सक्शन (नळीने कफ ओढणं), सगळं कसं पुस्तकातल्यासारखं. सक्शनला फार काही येईना. सॅच्युरेशन ९० च्या वर सरकेना. दुपारी परत तेच, हात दुखेपर्यंत. फिल्म कुठे होती? गादीखाली, पिवळ्या पाकिटात. मी ती काढलीच नव्हती, कारण निदान तर लिहून आलेलं होतं ना, मग बघायचं काय? संध्याकाळी ड्युटी बदलली आणि एक जुन्या सिस्टर आल्या, त्यांनी बाईंच्या ओठाजवळची, श्वासाची ट्यूब धरून ठेवणारी टेप बघितली आणि मला म्हणाल्या, 'अगं, ट्यूब २४ ला कशी काय, काल मी २१ ला फिक्स करून गेले होते.' मग फिल्म निघाली. ट्यूबचं टोक कॅरिनाच्या (श्वासनळी दुभंगते त्या जागेच्या) खाली जाऊन उजव्या ब्रॉंकसमध्ये (फाट्यात) बसलेलं. हवा सगळी उजवीकडे, डावं फुप्फुस बिचारं उपाशी. फिल्म व्ह्यू बॉक्सला लावली की लांबूनही दिसत होतं हो! रेसिडेंटने ट्यूबचा फुगा (कफ) सोडून ट्यूब तीन सेंटीमीटर मागे ओढली, परत फिक्स केली, आणि थोड्या वेळाने डावीकडे एअर एंट्री ऐकू यायला लागली.

मी दोन सेशन त्या बाईंची डावी बाजू बडवत होते. बिघाड छातीत नव्हताच, टेपमध्ये होता. बाई वाचल्या, घरी गेल्या, त्यांना हे काही माहितीही नसेल. मला मात्र अजून आठवतं की पाकीट माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतं.

कोणी ओरडलं नाही मला. आणि तेच मला जास्त लागलं, कारण फिजिओच्या पोरीने फिल्म बघायला हवी होती अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. ना रेसिडेंटची, ना माझ्या स्टाफची, ना माझी स्वतःची.

आता बारा वर्षांनी ती अपेक्षा आलीये का? तर कागदावर आलीये. सिलॅबसमध्ये रेडिओलॉजी आहे, लेक्चर होतात, स्पॉटरला (प्रॅक्टिकल परीक्षेतल्या 'ओळखा' प्रश्नाला) एक फिल्म ठेवतात. पण स्पॉटरला काय विचारतात? 'आयडेंटिफाय.' म्हणजे नाव सांग. प्लुरल इफ्युजन (फुप्फुसाबाहेर पाणी), न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा), कन्सॉलिडेशन (फुप्फुस आतून भरून घट्ट होणं), इमफायसेमा, कॅव्हिटी, हे पाच-सहा. आणि फिल्म कुठली, तर डिपार्टमेंटच्या कपाटातली वर्षानुवर्षांची तीच, कडा पिवळ्या पडलेल्या, एक तर अशी आहे की तिच्या कोपऱ्याला स्टेपलरच्या पिना आहेत आणि सीनियर ज्युनियरला सांगून जातात, 'पिनवाली आली की न्यूमोथोरॅक्स लिही.' हे मी ऐकून सांगत नाहीये, मीच लिहिलंय, मार्कही मिळालेत.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, फिजिओला फिल्मवरून रोगाचं नाव सांगता येण्यापेक्षा 'आता मी काय करू आणि काय अजिबात करू नको' हे सांगता आलं पाहिजे, आणि आपण मुलांना नेमकं हेच विचारत नाही.

गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. आमच्या डिपार्टमेंटच्या खिडकीला सहा फिल्म सेलोटेपने चिकटवल्या (व्ह्यू बॉक्स आहे, पण त्याची एक ट्यूब लुकलुकते आणि त्याच्यापुढे हजेरीची रजिस्टरं रचलेली असतात) आणि त्या बॅचच्या इंटर्नना म्हटलं एकेक करून या, जे दिसतं ते बोला, मार्क नाहीत, हसणार नाही.

जवळजवळ सगळ्यांचं बोट सरळ फुप्फुसावर गेलं. नाव, तारीख, बाजू कोणी बघेना. मी मुद्दाम एक फिल्म त्याच पेशंटची पण आठ महिने जुनी ठेवली होती, कुणाच्या लक्षात आली नाही. एक फिल्म पोर्टेबल होती, झोपवून काढलेली एपी (किरण पुढून, फिल्म पाठीखाली), वरती मार्करने लिहिलेलं होतं तसं, तरी बहुतेकांनी छातीठोकपणे सांगितलं, 'कार्डिओमेगाली', म्हणजे हृदय वाढलंय. अरे बाबांनो, एपीमध्ये हृदय फिल्मपासून लांब पडतं, मशीनही जवळ असतं, सावली मोठी पडणारच! भिंतीवर हाताची सावली पाडून बघा, बल्ब जवळ आणला की पंजा केवढा होतो. कार्डिओथोरॅसिक रेशो (हृदयाची रुंदी भागिले छातीची रुंदी) ०.५ हे सगळ्यांना पाठ, पण तो पीए (किरण पाठीकडून सोडलेल्या) फिल्मला लावायचा असतो हे वाक्य कुठेतरी गळून पडलेलं.

आणि सगळ्यात गंमत म्हणजे 'पांढरं दिसलं की कन्सॉलिडेशन'. खाली पांढरं, कन्सॉलिडेशन. अर्धी छाती पांढरी, कन्सॉलिडेशन. एका फिल्ममध्ये पेशंटने श्वासच नीट घेतला नव्हता, ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीची, दुखत असणार, पुढच्या जेमतेम चार बरगड्या दिसत होत्या, त्यामुळे खालचा भाग गढूळ दिसणारच, तर तीही 'बायलॅटरल लोअर झोन कन्सॉलिडेशन'. मी एकीला म्हटलं, बरगड्या मोज. ती माझ्याकडे बघायला लागली. 'मोजू म्हणजे, कशा?' बोट ठेवून गं, वरून, पहिली, दुसरी, तिसरी. पुढच्या तिरक्या उतरतात, मागच्या आडव्या असतात. पुढच्या सहा किंवा मागच्या नऊ-दहा डायफ्रामच्या (श्वासपटलाच्या) वर दिसल्या तर श्वास बरा घेतलाय. तिने मोजल्या, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आल्या आणि चेहरा असा फुलला की विचारू नका. साडेचार वर्षांत पहिल्यांदा फिल्मला बोट लावलं म्हणाली.

म्हणजे मुलांना येत नाही असं नाहीये, त्यांना कुणी फिल्मजवळ नेऊन उभंच केलेलं नाही. अर्ध्या तासात बरगड्या मोजायला शिकतात, दोन दिवसांत रोटेशन, म्हणजे पेशंट वळलेला होता का, ते बघायला लागतात (दोन्ही क्लॅव्हिकलची, म्हणजे गळ्याजवळच्या हाडांची, आतली टोकं मणक्याच्या मधल्या टोकापासून, म्हणजे स्पायनस प्रोसेसपासून, सारख्या अंतरावर आहेत का, एवढंच), आठवड्यात 'मॅम हृदयाच्या मागे मणके दिसत नाहीयेत, फिल्म अंडर वाटतेय' (किरण कमी पडलेत) असं स्वतःहून बोलतात.

आता मूळ मुद्दा. अर्धी छाती पांढरी असलेली फिल्म समोर आहे, डावी बाजू सगळी धुरकट. स्पॉटरला उत्तर काहीही असो, मला पोरीकडून वेगळं ऐकायचंय. ट्रॅकिया (श्वासनळी) कुठे आहे? हृदय कुठे सरकलंय? पांढऱ्याच्या बाजूला ओढलं गेलं असेल आणि बरगड्याही त्या बाजूला दाटल्या असतील तर आतलं फुप्फुस बसलंय, कोलॅप्स आहे. मग आधी ट्यूब बघ (कॅरिनाच्या वर साधारण तीन ते पाच सेंटीमीटर पाहिजे), ती जागेवर असेल तर म्यूकस प्लग (कफाचा बोळा) असू शकतो आणि मग तुझं काम आहे, आजारी बाजू वर, निरोगी बाजू खाली, पोझिशनिंग, सक्शन, पेशंट शुद्धीत असेल तर एसीबीटी (ठरावीक पद्धतीने श्वास घेऊन कफ काढणं), सगळं. आणि तेच जर ट्रॅकिया पांढऱ्यापासून लांब ढकललेली असेल, तर आत पाणी साठलेलं असण्याची शक्यता जास्त, तिथे तू दिवसभर पर्कशन केलंस तरी थेंबभर हलणार नाही, ते टॅप करायचं (सुईने काढायचं) किंवा आयसीडी (छातीत घालायची ड्रेनची नळी) टाकायचं काम आहे, तू रेसिडेंटला विचार, तुझी पाळी ड्रेन टाकल्यावर येईल. फिल्म सारखीच पांढरी, फाईलवर ऑर्डरही तीच, 'चेस्ट पीटी'. ट्रॅकिया बोटभर इकडे की तिकडे यावर त्या दिवशी आपण पेशंटच्या कामाचे आहोत की नुसते घाम गाळतोय हे ठरतं.

दुसरं, हृदयाची कड. उजवी कड पुसली गेलीये पण डायफ्रामची रेघ शाबूत आहे, तर आजार मिडल लोबमध्ये (लोब म्हणजे फुप्फुसाचा कप्पा). उजव्या डायफ्रामची रेघ गेली आणि हृदयाची कड स्पष्ट आहे, तर लोअर लोब. डावी कड गेली तर लिंग्युला (डाव्या वरच्या लोबचा खालचा भाग). याला सिल्हूट साईन म्हणतात हे सगळ्यांना माहिती आहे, पण याचा आणि पोस्चरल ड्रेनेजच्या (पेशंटला ठरावीक बाजूवर ठेवून कफ उतरवण्याच्या) पोझिशनचा संबंध आहे हे कितीजणांना कुणी सांगितलंय? मिडल लोबला पेशंटला उताणं ठेवून उजवी बाजू पाव वळणाने वर घेतो, लोअर लोबच्या पोस्टेरियर सेगमेंटला पालथं घालतो. पोझिशनचा तो चार्ट मुलं पाढ्यासारखा पाठ करतात आणि फिल्मचा चार्ट वेगळा पाठ करतात, दोन्ही एकाच छातीचे आहेत हे सांगायचं राहून गेलंय. मधे एक मुलगा म्हणाला, 'मॅम, म्हणजे फिल्म बघून पोझिशन ठरवायची?' मी म्हटलं हो रे बाळा, नाहीतर कशावरून ठरवणार, टॉस करून?

तिसरं म्हणजे जे करायचं नाही ते. फुप्फुसाची बारीक पांढरी रेघ आणि तिच्या बाहेर काळंभोर, एकही रक्तवाहिनी नाही, म्हणजे न्यूमोथोरॅक्स, आणि आयसीडी नसेल तर पॉझिटिव्ह प्रेशरचं काहीही करायचं नाही, अंबूने (हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीने) मोठमोठे श्वास द्यायचे नाहीत, आधी हाक मारायची. झोपलेल्या पेशंटमध्ये तर हवा पुढे आणि खाली साठते, वरची रेघ दिसतच नाही, नुसता कॉस्टोफ्रेनिक (बरगड्या आणि डायफ्राममधला) कोपरा खोल आणि काळा दिसतो. बरगड्या मोडल्यात तर त्यावर पर्कशन नाही. हे सगळं 'कॉन्ट्राइंडिकेशन्स' या मथळ्याखाली पाठ होतं, पण फिल्ममध्ये ते ओळखायची वेळ आली की पाठांतर काही मदतीला येत नाही.

माझंही चुकतं हो. दोन वर्षांपूर्वी रात्री एका आजोबांच्या पोर्टेबल फिल्ममध्ये मला लांब रेघ दिसली आणि मी रेसिडेंटला झोपेतून उठवलं, 'न्यूमो वाटतोय.' तो डोळे चोळत आला, बघितलं आणि म्हणाला, 'मॅडम, स्किन फोल्ड आहे.' म्हाताऱ्या माणसाची सैल कातडी कॅसेटवर (फिल्मच्या पेटीवर) दुमडली की रेघ दिसते, पण तिच्या बाहेरही रक्तवाहिन्या चालू राहतात, ते मी बघितलं नव्हतं. पुढे चार दिवस तो मला 'स्किन फोल्ड मॅडम' म्हणायचा. चालेल. पाकीट गादीखाली ठेवण्यापेक्षा हे बरं.

आता तुमच्यातले काही म्हणतील की रेडिओलॉजिस्ट कशाला आहेत. आहेत ना, पण आमच्यासारख्या ठिकाणी सकाळी सहाला काढलेल्या पोर्टेबल फिल्मचा रिपोर्ट दुपारनंतर येतो, कधी दुसऱ्या दिवशी, आणि फिजिओ साडेआठला बेडजवळ हजर असतो. आणि रिपोर्टमध्ये फिल्ममध्ये काय आहे ते लिहिलेलं असतं, पेशंटला कुठल्या कुशीवर वळवायचं ते रेडिओलॉजिस्टने लिहावं अशी अपेक्षा तरी का करायची? आम्हाला रिपोर्ट लिहायचाच नाहीये, निदानही करायचं नाहीये, हे मी मुलांना पहिल्या दिवशीच सांगते. हात लावायच्या आधी आपल्या डोळ्याने बघायचंय, इतकंच.

काही म्हणतील आता एआय आलंय. आलंय, आणि चांगलं आलंय. मुंबईच्याच क्युअर एआय कंपनीचं सॉफ्टवेअर छातीच्या फिल्म वाचतं, आणि टीबीच्या स्क्रीनिंगसाठी १५ वर्षांवरच्या लोकांमध्ये माणसाऐवजी असं सॉफ्टवेअर फिल्म वाचू शकतं अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केलीये. गावोगाव शिबिरात हातात धरायचं एक्स-रे मशीन घेऊन फिरतात तिथे रेडिओलॉजिस्ट कुठून आणणार, तिथे हे वरदानच आहे. पण ते सॉफ्टवेअर फिल्मवर रंगाचा डाग दाखवून 'इथे गडबड आहे' म्हणेल. पेशंट कालच्यापेक्षा उभा जास्त बसवला होता म्हणून पाणी खाली उतरून फिल्म 'सुधारलेली' दिसतेय, हे बेडजवळ उभ्या असलेल्यालाच कळणार.

आणि टीबीवरून आठवलं, आपल्याकडे हा विषय निव्वळ आयसीयूचा नाहीये. वॉर्डात, ओपीडीत जे दम लागणारे पेशंट येतात त्यांतल्या कितीतरी जणांना पूर्वी टीबी होऊन गेलेला असतो. औषधं पूर्ण झाली, जंतू गेले, पण फुप्फुसाचा वरचा भाग आखडून गेला, ट्रॅकिया त्या बाजूला ओढली गेली, ब्रॉंकिएक्टॅसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंद होऊन कफ साठणं) राहिला आणि रोज सकाळी वाटीभर बेडका. अशा माणसाला आपल्यासारखं उपयोगी दुसरं कोणी नाही खरं तर. मध्यंतरी एक आजोबा आले, दुकानातून साडीबरोबर मिळते तसल्या कापडी पिशवीत तेरा वर्षांच्या फिल्म. मोठ्या जुन्या चौदा-बाय-सतराच्या, त्यात मधल्या काळातल्या लहान डिजिटल, काही एकमेकींना चिकटलेल्या, एकीवर नातवाने स्केचपेनने काहीतरी काढलेलं. इंटर्नने सगळ्यात वरची उचलली आणि म्हणाली, 'ट्रॅकिया उजवीकडे आहे, म्हणजे डावीकडे इफ्युजन?' मी म्हटलं सगळ्या काढ आणि तारखेने लाव. जमिनीवर चटई टाकून लावल्या तिने. तेरा वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्येही ट्रॅकिया उजवीकडेच, उजवा हायलम (फुप्फुसाचं देठ) वर खेचलेला, वरचा लोब आकसलेला. नवीन काहीच नव्हतं, फक्त खालच्या बाजूला या वेळी थोडं इन्फेक्शन वाढलेलं. आजोबा खुर्चीत बसून सगळं बघत होते, म्हणाले, 'पोरी, आजवर पिशवी आणायला सगळ्यांनी सांगितलं, उघडली कोणीच नव्हती.'

मला वाटतं त्या पोरीला त्या चटईवर जे कळलं ते चार लेक्चरमध्ये कळलं नसतं.

आता तुमच्याकडे मागणं. आपल्यासारख्या आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ चा कायदा झाला, त्यातून राष्ट्रीय आयोग आला, २०२५ मध्ये फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रमही आला, म्हणजे एरवी दगडावरची रेघ असणाऱ्या गोष्टी सध्या जरा हलतायत. तेवढ्यात हे होऊ शकतं. स्पॉटरमधली ती एक फिल्म काढून टाका आणि तिथे जोडी ठेवा, एकाच पेशंटची कालची आणि आजची, मध्ये दोन ओळी की पेशंटला काय झालंय, व्हेंटिलेटरवर आहे की नाही, सॅच्युरेशन किती. आणि प्रश्न, 'काय बदललं? आज काय कराल? काय करणार नाही?' नाव चुकलं तरी चालेल, न्यूमोनिया की कोलॅप्स यात मोठमोठे लोक वाद घालतात, पण ट्यूब खाली गेलीये हे दिसलं आणि 'आधी सिस्टरला सांगेन' असं लिहिलं तर पूर्ण मार्क द्या. बरोबर नाव लिहून, ड्रेन नसलेल्या न्यूमोथोरॅक्सला अंबू देईन म्हणणाऱ्याला शून्य द्या. पिनवाली फिल्म आपोआप रिटायर होईल.

पोस्टिंगमध्ये एक नियम करा, रिपोर्ट वाचायच्या आधी मुलाने स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहायच्या. तारीख आणि बाजू, फिल्म कशी काढलीये, काय दिसतंय, म्हणून मी काय करणार. मग रिपोर्ट उघडायचा आणि खाली लाल पेनने आपली चूक लिहायची. मी हे आमच्याकडे येणाऱ्या मुलांकडून करून घेते, शंभर पानी वहीत, सुरुवातीची पानं लालेलाल असतात आणि शेवटी शेवटी लाल कमी होत जातं, त्यांनाच मजा वाटायला लागते. याला ना मशीन लागतं ना फंड.

आणि जमलं तर प्रत्येकाला एक आठवडा एक्स-रे टेक्निशियनबरोबर सोडा. खरंच सांगते, मला फिल्म वाचायला सगळ्यात जास्त एका टेक्निशियन दादांनी शिकवलं. वॉर्डात पोर्टेबल मशीन ढकलत न्यायचं, पेशंटच्या पाठीखाली कॅसेट सरकवायची, तो घसरणार, परत वर घ्यायचा, मामांना हाक मारायची, मॉनिटरच्या वायरी छातीवरून बाजूला करायच्या, 'श्वास घ्या, धरा' म्हणायचं आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तेही म्हणता येत नाही. हे एकदा स्वतः केलं की फिल्म वाकडी का, हृदय मोठं का, ती छातीवरची पांढरी गोल टिकली म्हणजे कॉइन लीजन नसून ईसीजीचा इलेक्ट्रोड आहे, हे पाठ करावं लागत नाही. (हो, इलेक्ट्रोडला गाठ म्हणणारे भेटलेत. त्यातला एक मी नाही, एवढंच सांगते.)

एक गोष्ट जरा दबकत लिहितेय. आपल्यातल्या शिकवणाऱ्या बऱ्याच जणांनाही फिल्म वाचायची भीती वाटते. वाटणारच, आपल्यालाही पिनवाल्या फिल्मवरच शिकवलं होतं. पोलिओच्या काळात, पन्नासच्या दशकात, मुंबईत केईएममध्ये आपल्याकडचं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेव्हापासून आपला जीव हातापायांत, सांध्यांत आणि स्नायूंत जास्त रमतो, आणि आता तर प्रत्येक दुसऱ्या मुलाला स्पोर्ट्समध्ये जायचंय, टीमबरोबर फिरायचंय. चेस्ट म्हणजे थुंकी आणि वास, कोणाला पाहिजे? पण मग वर्गात एखाद्याने विचारलं, 'मॅम ही रेघ काय?' तर 'ते रेडिओलॉजीचे सर सांगतील' असं म्हणून स्लाईड पुढे ढकलू नका. 'मलाही माहीत नाही, चल विचारून येऊ' म्हणा. मुलं त्याने लहान समजत नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी जास्त प्रश्न आणतात.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये नावापुढे फिजिओंनी 'डॉ.' लावायचं की नाही यावरून केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं जे पत्र निघालं आणि लगेच मागे घेतलं गेलं, त्या दोन-तीन दिवसांत आपल्या सगळ्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला होता. मी पण त्यात होते, तावातावाने लिहीत होते, मला तो विषय क्षुल्लक वाटत नाही. फक्त त्याच आठवड्यात आमच्या आयसीयूत एका फिल्मसमोर मी आणि दोन इंटर्न उभे होतो आणि पलीकडून फिजिशियन सरांनी सहज विचारलं, 'काय म्हणते फिल्म?' त्यातल्या एकाने मान खाली घातली, दुसरीने घाबरत घाबरत सांगितलं की उजवा डायफ्राम कालच्यापेक्षा वर आलाय, हृदयाची कड दिसतेय, लोअर लोब बसलाय वाटतं. सर दोन पावलं जवळ आले, बघितलं, आणि म्हणाले, 'हं. मग दुपारी परत घे हिला, संध्याकाळची फिल्म करू आपण.' बास. त्या पोरीला त्या दिवशी कुणी डॉक्टर म्हटलं की नाही मला आठवत नाही.

आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार खिडकीला फिल्म लागतात. कुठल्याही कॉलेजची मुलं येतात, शिक्षकही आले तर मागच्या बाकावर बसायला जागा आहे, नाव विचारणार नाही. तुमच्या कपाटातल्या जुन्या फिल्म नको असतील तर फेकू नका, पेशंटचं नाव खोडून आमच्याकडे पाठवा, पिनवाली असेल तर पिना काढून.

तुमचीच,
एक जुनी विद्यार्थिनी

ता.क. मुलांना एवढं तरी आजच सांगा की फिल्मचा फोटो पाठवताना कोपऱ्यातला 'आर' सरळ दिसतोय का ते आधी बघा. माझी जेवणं गार होतात.